बिनखिशाचे सर

"मोजून घ्या, बाई."

कुणाच्या घरी रेडिओ असो, घड्याळ असो, उघडायला बसले की सर आधी एक पांढरा रुमाल अंथरायचे. बाह्या कोपरापर्यंत गुंडाळायचे. दोन्ही हात एकदा उताणे, एकदा पालथे करून घरच्या माणसाला दाखवायचे आणि मग हे वाक्य. एकेक स्क्रू निघाला की रुमालावर मांडत मोठ्यानं मोजणी चालायची. "एक. दोन. हा तिसरा, ह्याचा माथा झिजलाय, बघून ठेवा." घरच्यानंही बरोबर मोजायचं. काम संपलं की रुमाल झटकून पुन्हा दोन्ही हात पुढं. "पुरं हाय का?" समोरचा "पुरं हाय" म्हणेपर्यंत हा माणूस जागचा हलत नसे.

तुम्ही म्हणाल, काय विक्षिप्त माणूस. आम्हीही तेच म्हणायचो. ताडकळसच्या आमच्या शाळेत ते गणित आणि विज्ञान शिकवायचे आणि मी पाचवी ते सातवीला मराठी. स्टाफरूममध्ये त्यांच्या त्या हात दाखवण्याची इतकी चेष्टा व्हायची की विचारू नका. "सर, रुमालातून कबूतर कधी काढताय?" असं कुणीतरी म्हणायचं, सगळे हसायचे, तेही हसायचे. मी सगळ्यात जास्त हसायचे. मला तेव्हा हसायला काहीही पुरायचं.

त्यांच्या शर्टाला खिसा नसायचा. एकाही शर्टाला नाही. पेन कानावर, खडू हातात, बसचं तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात. पोरं त्यांना मागून 'बिनखिशाचे सर' म्हणायची, आणि हे नाव त्यांना माहीत होतं. एकदा बाजारातल्या शिंप्यानं सवयीनं नव्या शर्टाला खिसा लावून ठेवला. सरांनी दुकानातच बसून ब्लेडनं एकेक टाका उसवून घेतला. शिंपी म्हणाला, "अहो, राहू द्या की, शोभा येती." सर म्हणाले, "शोभा तुमच्या शर्टाला असू द्या."

मी एकदा धीर करून विचारलं, की सर, खिशाशी काय वैर आहे तुमचं? ते म्हणाले, "वैर न्हाई बाई. पण खिसा असला की लोकाची नजर तिथंच जाती. नसला की हाताकडं जाती, अन् हात मी दाखवतोच." मला तेव्हा हे गमतीचं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तोही हसला. दोघंही शिकलेले, दोघंही मूर्ख.

आमच्या मुख्याध्यापकांनी घरचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं तेव्हा ते मोजायला बसेनात. "अहो सर, माझा विश्वास आहे तुमच्यावर." सर पेचकस खाली ठेवून म्हणाले, "विश्वास हाय म्हणूनच मोजा. नसता तर मी आलोच नसतो." बिचारे मुख्याध्यापक चष्मा लावून अर्धा तास चक्रं मोजत बसले. पण घड्याळ पुढं कधी एका मिनिटानं मागं पडलं नाही.

ह्या कामाचे पैसे ते घेत नसत. चहाही घेत नसत. "आताच घेऊन आलो," हे त्यांचं ठरलेलं. एका रविवारी ते चार घरी गेले आणि चारही घरी आताच चहा घेऊन आलेले होते. एवढा चहा हा माणूस पितो तरी कुठं, अशी मी स्टाफरूममध्ये मल्लिनाथी केली. कुठं पिणार? आमच्या घरी ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असायचा आणि तो कुणासाठी असतो हे मला लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं. गावातल्या घरोघरी असा एकेक कप होता. तो कप सरांपुढं ठेवायची वेळच ते कुणावर येऊ देत नव्हते. म्हणजे आमची लाज तेच झाकत होते, आणि मी त्यावर विनोद करत होते.

हे सगळं नामांतराचं घोंगडं भिजत पडलेलं होतं त्या वर्षांतलं. विद्यापीठाचं नाव बदलावं की नाही, ह्यावर पारावर, बसमध्ये, स्टाफरूममध्ये रोज काथ्याकूट. सर आत आले की मात्र सगळ्यांना वह्या तपासायचं आठवायचं. एकदा एका मास्तरांनी मुद्दाम काडी टाकली, "काय सर, तुमचं काय मत आहे?" सर शांतपणे म्हणाले, "माझं तुमाला म्हाईत हाय. तुमचं सांगा की." मास्तरांचा नेमका तास निघाला.

त्यांच्या टेबलावर घरून आणलेला एक छोटा रेडिओ असायचा. त्याचा एक कोपरा वितळून मेणासारखा ओघळलेला. मी समजत होते चुलीजवळ ठेवला असेल. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या गावाकडचं घर जळालं तेव्हा राखेतून तेवढाच निघाला होता, हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. सरांनी तो उघडून, तारा बदलून चालू केला होता. बातम्या ते त्याच्यावरच ऐकायचे.

आता त्यांना हवं काय होतं, ते सांगते, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं एक लोखंडी कपाट होतं. त्यात एक सूक्ष्मदर्शक, नवाकोरा, खोक्यात बंद. तीन वर्षं झाली येऊन, खोक्याची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. कपाटाची किल्ली खेळाच्या सरांकडे. विज्ञानाच्या माणसाला परीक्षानळी हवी असली तर खेळाच्या सरांना मैदानावर शोधत हिंडायचं, आणि ते म्हणणार, "महाग वस्तू हाय सर, संस्थेची हाय, उद्या बघू." सरांनी किल्लीसाठी तीनदा अर्ज केला होता. ते मला म्हणायचे, "बाई, कांद्याची साल. नुसती कांद्याची साल पोरांनी त्याच्यातून एकदा बघितली पाहिजे. मग बघा, पोरगं कांदा चिरताना सुद्धा इचार करतं का न्हाई." हे बोलताना त्यांचा चेहरा बदलायचा. त्यांना पगारवाढ नको होती, मान नको होता. ती एक किल्ली हवी होती.

किल्ली कुणाकडे द्यायची हे संस्थेचे संचालक ठरवणार होते, आणि त्यातले एक म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना मी भाऊजी म्हणायचे, ते मला मास्तरीणबाई. माझी नोकरी त्यांच्याच शब्दानं लागलेली आणि अजून कायम व्हायची होती. माझा नवरा पाटबंधारे खात्यात नांदेडला, शनिवारी यायचा. आठवडाभर घरात शब्द चालायचा तो भाऊजींचा. त्या दिवाळीच्या तोंडावर मी पदराआडून भाऊजींकडे सरांचा विषय काढला होता. ते म्हणाले, "माणूस हुशार हाय. पुढच्या बैठकीत बोलतो." मी सरांना हे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ते सात पानांची यादी घेऊन आले. सहावी ते दहावी, कुठल्या महिन्यात कुठला प्रयोग, सगळं सुवाच्य अक्षरात.

आणि मग ते खेळणं मध्ये आलं.

भाऊजींच्या मेहुण्यानं मस्कतहून भाचीसाठी, म्हणजे भाऊजींच्या मंगलसाठी, हातात मावणारा एक व्हिडिओ गेम पाठवला होता. काचेत एक काळा माणूस टोपली घेऊन इकडून तिकडं पळायचा, वरून फळं पडायची, ती झेलायची. अख्खं गाव बघून गेलं. भाऊजींनी तो रेडिओशेजारी फळीवर ठेवला आणि सांगितलं, मंगलशिवाय कुणी हात लावायचा नाही, बाहेरची वस्तू आहे. दिवाळीच्या सुट्टीत मंगल आजोळी राणीसावरगावला गेली. गेम फळीवर राहिला.

सांगताना आजही कान गरम होतात. मी तेव्हा एकतीस वर्षांची, बी.ए. बी.एड. झालेली बाई. दुपारी घर झोपलं की मी तो गेम घेऊन माजघरात भिंतीकडं तोंड करून बसायचे. आवाज बंद करायचं बटण मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. चारशे सत्तावीस फळं झेलली होती मी एकदा, एक न सांडता. त्या घरात भाकरी, धुणं, पदर, वह्या ह्यांच्यापलीकडे माझं असं दुसरं काही नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला माफ करू बघते. पण खरं सांगू, मला नादच लागला होता. पंधराव्या दिवशी काचेतला माणूस फिकट झाला आणि मग दिसेनासाच झाला. सेल संपले.

मंगल यायला चार दिवस होते. मी शाळेच्या कामाचं निमित्त काढून परभणीला गेले, खोक्यावरचा नंबर सांगून घड्याळाच्या दुकानातून बटणाएवढे दोन सेल आणले. गेमच्या पाठीवर चार बारीक स्क्रू होते. पेचकस कुठला आणायचा? बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन होती, तिचं टोक खाचेत घालून फिरवलं. पहिला हलेना, दुसरा हलेना. तिसऱ्याला जोर केला आणि पिनचं टोक कट्कन मोडून खाचेत रुतून बसलं. नखानं, सुईनं, दातानं, कशानंच निघेना. मी गेम फळीवर होता तसा ठेवला, नवे सेल तांदळाच्या डब्यात लपवले आणि आडवी पडून राहिले. जणू काही झालंच नाही.

मंगल आली, गेम बंद. तिनं घर डोक्यावर घेतलं. भाऊजी म्हणाले, "रडतीस कशाला, सेल संपले आसतील. मास्तरीणबाई, तुमच्या त्या बिनखिशाच्या सरला बोलवा. तेवढंच बघणं बी व्हतंय, माणूस कसा हाय." म्हणजे ही किल्लीच्या आधीची परीक्षाच होती. सरांनाही ते कळलं. त्यांनी गेमचं खोकं मागवून त्यावरचा सेलचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि भाऊजींनी माणूस पाठवून परभणीहून सेल मागवले. तसलेच दोन सेल आमच्या तांदळाच्या डब्यात होते आणि मी त्या डब्यातून रोज तांदूळ काढत होते.

रविवारी सकाळी सर आले. इस्त्रीचा शर्ट. "चहा घेऊनच आलो," हे सासूबाईंकडे बघून आधीच सांगून टाकलं. ओसरीवर रुमाल अंथरला, हात दाखवले. भाऊजी खुर्चीत, मंगल त्यांच्या गुडघ्याला टेकून.

"मोजून घ्या, पाटील."

"मला कुठं दिसतंय ते बारीक. मास्तरीणबाई, तुमी बसा मोजायला. तुमच्याच शाळेचे हायेत."

मी पदर सावरून समोर बसले. सरांनी गेम उलटा केला, डोळ्याजवळ नेला. "आधी कुणी उघडायला बघितलं व्हतं का?"

"कोण उघडतंय?" भाऊजी म्हणाले. "घरात कुणाला येतंय?"

मी रुमालाकडे बघत राहिले. सरांनी पुढं विचारलं नाही. पहिला स्क्रू निघाला. "एक." मी म्हणाले, एक. "दोन." दोन. तिसऱ्याशी ते थांबले. बारीक चिमटा घेतला आणि खाचेतून काहीतरी हळूच ओढून काढलं. उन्हात ते चमकलं. ते रुमालावर ठेवायला त्यांचा हात निघालासुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. माझ्या बांगडीत ती मोडकी पिन तशीच लोंबत होती. एवढी अक्कल मला नव्हती की ती काढून टाकावी.

त्यांनी ते टोक डाव्या मुठीत घेतलं. "तीन," ते म्हणाले. मी म्हणाले, तीन.

पुढचं सगळं त्यांनी डावी मूठ मिटूनच केलं. अंगठा आणि एक बोट तेवढं बाहेर. झाकण निघालं, जुने सेल निघाले, नवे बसले, चार स्क्रू परत बसले. बटण दाबताच काचेतला माणूस उठून पळायला लागला. मंगलनं तो हिसकावून घेतला आणि ती परसात पळाली. भाऊजी खूश होते. "वा मास्तर," म्हणाले. इथं सगळं चांगलं संपायला काहीच हरकत नव्हती.

पण हात दाखवायचे राहिले होते. इतकी वर्षं मोडली नव्हती ती रीत. सरांनी रुमाल झटकला आणि उजवा हात पुढं केला. एकच.

भाऊजींनी बघितलं. "मास्तर, दुसरा?"

"त्यात कचरा हाय, पाटील."

"बघू की कचरा."

सर हलले नाहीत. मूठ उघडली असती तर पिनेचं टोक निघालं असतं, आणि टोकावरून बांगडीपर्यंत यायला भाऊजींना किती वेळ लागणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "बाई, मोजलं तुमी. चार पेच, दोन सेल, एक झाकण. पुरं हाय का?"

तुम्हीच बघा, त्यांनी किती कमी मागितलं. मी कबुली द्यावी असंही त्यांनी म्हटलं नाही. पुरं हाय, हे दोन शब्द. ते खरेही होते, मी स्वतः मोजलेले. पण माझ्या मनात आलं, मी पुरं आहे म्हटलं तर भाऊजी विचारणार, मग मुठीत काय आहे? आणि मग सगळं माझ्यावर येणार. भिंतीकडं तोंड करून खेळणारी सून. नोकरी अजून कायम नाही.

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

सरांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही, कारण मी वर बघितलंच नाही. त्यांचे हात तेवढे मला दिसले. एका हातानं रुमालाची घडी होईना, तेव्हा त्यांनी तो तसाच गोळा करून काखेत धरला. पेचकस उचलले. पायरीवर एकदा थांबले असावेत, चपलेचा आवाज मध्ये तुटला होता. मग गेले. मूठ मिटलेलीच.

भाऊजी त्यांना अडवायला उठले नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "बाहेरच्या यंत्रात सोन्याची तार आसती म्हनतेत. बारकासा तुकडा असंल काढला. गेम चालायलाय, जाऊ द्या." झालं. सोमवारच्या आत ही सोन्याची तार बाजारात पोचली. आठवड्यात ती पट्टी झाली, मग पत्रा झाला. मस्कतच्या गेममध्ये अर्धा तोळा सोनं होतं आणि ते मास्तरनं हातोहात उडवलं, असं मला माझ्याच वर्गातल्या पोरीनं येऊन सांगितलं. मी तिला म्हणाले, "निबंध लिही." चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्याच महिन्यात मी सहावीला अर्थासह शिकवली होती. वाक्यात उपयोग करा, असंही सांगितलं होतं.

लोकांनी सरांना घरी बोलावणं बंद केलं. बंद पडलेले रेडिओ पिशवीत घालून परभणीला जाऊ लागले. शाळेत ते पूर्वीसारखेच वागायचे. मला "नमस्कार, बाई" म्हणायचे, रोज, न चुकता. ते त्यांनी टाळलं असतं तर मला बरं वाटलं असतं. स्टाफरूममधली कबुतराची चेष्टा आपोआप थांबली. कुणी कुणाला काही म्हटलं नव्हतं, तरी थांबली. फक्त कपाट उघडायची वेळ आली की खेळाचे सर किल्ली हातात घट्ट धरून उभे राहायचे, आणि ते मी बघायचे.

बैठक झाली. रात्रीच्या जेवणाला भाऊजींनी सहज सांगितलं, "किल्ली हाय तिथंच ठिवली. महागाच्या वस्तू हायेत. हात चलाख माणूस हाय त्यो." मी त्यांच्या ताटात आमटी वाढत होते. मी म्हणाले, "अजून घ्या थोडी." त्याच बैठकीत माझी नोकरी कायम झाली.

सरांच्या सात पानांच्या यादीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. पुढच्या जूनमध्ये ते चुडाव्याच्या शाळेत गेले. निरोपसमारंभ झाला नाही. जाताना त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला. तो वितळलेला रेडिओ काखेत होता. मुख्याध्यापक फाटकापर्यंत सोडायला गेले. मी सातवीच्या वर्गात खिडकीकडं पाठ करून कविता फळ्यावर उतरवत राहिले.

चार वर्षं मी मनाशी ठरवत होते की एकदा जाऊन सांगायचं. नामांतराची घोषणा झाली ती नेमकी संक्रांतीच्या दिवशी. गावात कुठं फटाके वाजले, कुठं दारं लावून घेतली गेली. दोन दिवसांनी मी तिळगुळाचा डबा घेतला, पूर्ण्यापर्यंत बसनं गेले आणि तिथून पॅसेंजरनं चुडाव्याला उतरले. आपण फार मोठं काहीतरी करायला निघालो आहोत, असं मला गाडीत वाटत होतं. चांगली साडी नेसले होते.

सर घरीच होते. बरेच वाळले होते, खोकत होते. त्यांच्या बायकोनं मला खुर्ची दिली, चांगल्या कपात चहा दिला. मी तो सगळा प्यायले आणि कप खाली ठेवताना बोलायला लागले. गेम मी खेळत होते, पिन माझी होती, लक्ष नव्हतं म्हणाले ते खोटं होतं. बोलता बोलता रडायला आलं. त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. ह्या माणसानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं.

मला वाटलं होतं, सर म्हणतील, असू द्या बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. मी त्याचीच वाट बघत होते. ते तसं म्हणाले नाहीत. माझं रडणं संपेपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "बाई, हे मला कशाला सांगायलाव? मला तर त्याच दिवशी म्हाईत होतं."

मी पदरानं डोळे पुसले.

"ज्याला म्हाईत न्हाई, त्याला सांगा."

आवाजात राग नव्हता. वर्गात पोराला 'चूक तिथं दुरुस्त कर' म्हणावं तसं म्हणाले. मग त्यांनी विषय बदलला, पाऊसपाणी विचारलं. निघताना म्हणाले, "ते सूक्ष्मदर्शक? पोरं बघतेत का?" मी म्हणाले, अजून खोक्यातच आहे. त्यांनी मान खाली घातली. माझ्या सगळ्या रडण्यानं झालं नव्हतं तेवढं वाईट त्यांना ह्याचं वाटलेलं दिसलं. तिळगूळ त्यांनी घेतला. स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर खोकत उभे राहिले. त्यांचं ते शेवटचं दर्शन. पुढच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं.

गाडीत मी ठरवलं की घरात पाऊल टाकल्याबरोबर सांगायचं, साडीसुद्धा बदलायची नाही. वाक्यं जुळवली. मराठी शिकवते, वाक्यं जुळवता येतात मला. घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता आणि भाऊजी ओसरीवर त्याच खुर्चीत बसले होते.

"कुठं गेल्ता, मास्तरीणबाई?"

मी उभी राहिले. शब्द तोंडापर्यंत आले होते, खोटं सांगत नाही.

"शाळेचं काम होतं," मी म्हणाले. "पानं घेऊ का?"

"घ्या," ते म्हणाले.

सर गेले त्यानंतर भाऊजी अकरा वर्षं जगले. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा, त्यांचं ताट मीच वाढायचे.